कापूस विकला अन् आवाज बिघडला

प्रश्न : काका, माझ्याकडे चार ईएल-३४ व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) स्टीरिओ ॲम्प्लिफायर आहे, दर बाजूला ३५ वॅटचा. दोन वर्षांपूर्वी जुनाच घेतला, रोज रात्री दोनेक तास चालतो. स्पीकर ८६ डेसिबलचे आहेत (एक वॅटला, एक मीटरवर). दिवाळीनंतर आवाज इतका गोड होता की शेजारचे म्हातारे भजन ऐकायला येऊन बसत. मार्चपासून तोच आवाज कर्कश झाला आहे, खंजिरीची झांज कानात टोचते. व्हॉल्व्ह बसले असावेत. बायस (गाणं नसताना व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट) मोजला, चारही ३८ ते ४० मिलिअँपिअरवर आहेत, प्लेटला (व्हॉल्व्हच्या आतल्या करड्या पत्र्याला) ४३० व्होल्ट. चांगला भाव मिळायची वाट पाहत तीस क्विंटल कापूस ॲम्प्लिफायरच्याच खोलीत भरून ठेवला होता, तो फेब्रुवारीअखेर विकला, त्यामुळे हाती पैसा आहे. एक विक्रेते म्हणतात, ईएल-३४ च्या जागी मोठे केटी-८८ व्हॉल्व्ह लावा, नाहीतर सरळ ३००-बी व्हॉल्व्हचा सेट घ्या. काय करू? शिवाय संध्याकाळी टीव्ही जोडला की घुम्म असा आवाज येतो, तो वेगळाच.
– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा व्हॉल्व्हसाठी, दुसऱ्यांदा कापसासाठी. तुमचा आवाज व्यापाऱ्याच्या गाडीत बसून गेला.

तीस क्विंटल कापूस म्हणजे अर्धी खोली छतापर्यंत. बारीक, वरचा आवाज शोषून घ्यायला त्याच्याइतकी चांगली वस्तू शहरातले लोक पैसे मोजून भिंतींना लावतात, तुमच्याकडे ती फुकटात होती. ढीग उचलला आणि खाली राहिली शहाबादी फरशी, चार उघड्या भिंती आणि बहुतेक वर पत्रा. आज रात्री खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग टर्रर्र असा कापरा आवाज आला तर ॲम्प्लिफायरचा पेचकस खाली ठेवा.

व्हॉल्व्ह बसले नाहीत, हे तुमचेच आकडे सांगतात. ४३० व्होल्ट गुणिले ४० मिलिअँपिअर म्हणजे साधारण १७ वॅट. ईएल-३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅट, तिच्या सत्तर टक्क्यांच्या आत तुम्ही आहात. चारही जवळजवळ सारखे वाहताहेत. रोज दोन तास धरले तर तुमच्याकडे दोन वर्षांत चौदा-पंधराशे तास झाले (आधीच्या मालकाचे तास माहीत नाहीत), आणि असे पॉवर व्हॉल्व्ह नीट वापरले तर दोन-तीन हजार तास सहज चालतात. तरी खात्री हवी असेल तर दिवसा उजेडात काचेच्या आतला चंदेरी डाग बघा. तो आरशासारखा असेल तर आतली पोकळी शाबूत आहे. हवा शिरली की डाग दुधासारखा पांढरा होतो आणि मग त्या व्हॉल्व्हपुढे हात जोडायचे. रात्री दिवा मालवून प्लेटकडेही बघा. हीटरचा नारिंगी उजेड हवाच, पण करड्या प्लेटच्या अंगावर लाली दिसली तर ताबडतोब बंद करा.

आता केटी-८८. व्हॉल्व्ह दांडगा आहे, वाद नाही. पण तो नुसता उपटून-खोचून बदलायचा नसतो. त्याचा हीटर १.६ अँपिअर ओढतो, ईएल-३४ चा १.५, चारांचे मिळून ०.४ अँपिअर जादा मेन ट्रान्सफॉर्मरवर. त्याला ग्रिडवर (करंटला लगाम घालणाऱ्या जाळीवर) उणे व्होल्टेजही जास्त लागतं, जुन्याच बायसवर बसवला तर तो जास्त करंट ओढून तापतो. आणि एवढं करून प्लेटचं व्होल्टेज तेच, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्हची ताकद स्पीकरला पोचवणारा) तोच, मग ताकद वाढणार कुठून? त्याच बैलावर मोठी झूल टाकल्यासारखं. समजा वाढलीच, ३५ ची ७० वॅट झाली, तरी कानाला फरक फक्त ३ डेसिबलचा.

३००-बीची गोष्ट वेगळी. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हा १९३० च्या दशकातला ट्रायोड (साध्या रचनेचा व्हॉल्व्ह), एकट्याने चालवला की साधारण ८ वॅट देतो. त्याचा गोडवा मीही ऐकला आहे, नाकारत नाही. पण तुमच्या स्पीकरचा हिशेब करा. ८६ डेसिबलच्या स्पीकरवर ३५ वॅट घातले तर जोर १०१ पर्यंत जातो, ८ वॅट घातले तर ९५ ला थांबतो. तोच ८ वॅट ९५ डेसिबलच्या स्पीकरवर १०४ पर्यंत नेतो. म्हणजे ३००-बी घेतला की पाठोपाठ स्पीकर आले. विक्रेत्याने हे दुसरं वाक्य तुम्हाला सांगितलं नसेल.

खर्च करायचाच आहे ना? मग आधी घरातल्या विजेचं व्होल्टेज बघा. तीन दिवस मल्टिमीटर हातात धरा : सकाळी, रात्री नऊला, आणि डीपीवरच्या सगळ्या मोटारी बंद असतात तेव्हा मध्यरात्री. माझ्याकडे आर्वीत एकाच दिवसात १९० आणि २६० दोन्ही दिसलेले आहेत. २३० वर हीटरला ६.३ व्होल्ट मिळतात. १९० ला ते ५.२ वर येतात, २६० ला ७.१ वर जातात. दहा टक्क्यांपर्यंत चालतं, हे दोन्ही त्याबाहेरचं. २६० ला तुमचे प्लेटचे ४३० जवळजवळ ४८५ होतील. खालचं झाकण काढून फिल्टर कंडेन्सरवर काय छापलंय ते वाचा. मर्यादा ४५० व्होल्ट असेल तर मध्यरात्रीचं गाणं महागात पडेल. (झाकण काढायच्या आधी प्लग उपसून ठेवा. कंडेन्सर रेझिस्टरमधून उतरवून मीटरवर शून्य दिसेपर्यंत आत बोट घालू नका. ४३० व्होल्ट प्लग काढल्यावरही दबा धरून बसतात.) सर्व्हो स्टॅबिलायझर (व्होल्टेज एकसारखं ठेवणारं यंत्र) घ्या, केटी-८८ च्या पैशांत बसेल.

घुम्म आवाज टीव्ही जोडल्यावरच येतो म्हणता, तर सेट-टॉप बॉक्सला येणारी डिशची केबल उपसून बघा. थांबला तर दोन ठिकाणच्या अर्थिंगचा फास बसला आहे. त्यावर कोणी ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढायला सांगेल, त्याचं ऐकू नका. आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला बादलीभर पाणी ओता.

राहता राहिला कापूस. पुढच्या हंगामात तो पुन्हा त्या खोलीत भरू नका, निदान ॲम्प्लिफायर तिथे असेपर्यंत तरी नाही. चालू ईएल-३४ च्या काचेला बोट लागलं तर फोड येतो, आणि कापसाची तूस उडत जाऊन कुठे बसेल याचा नेम नाही. या खेपेला निभावलं ते तुमचं नशीब. त्यापेक्षा घरच्या सरकी काढलेल्या रुईच्या चार जाड गाद्या पिंजाऱ्याकडून भरून घ्या. दोन तुमच्या बसायच्या जागेमागे भिंतीला उभ्या करा, एकेक स्पीकरच्या बाजूच्या भिंतींना. फरशीवर सतरंजी घाला. मग मला पुन्हा लिहा.

प्रश्न : वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर वीस वर्षं पडून होता. लावून बघू का?
– एक वाचक भगिनी, हिंगणघाट

उत्तर : ताई, सरळ प्लग लावू नका. वीस वर्षांत फिल्टर कंडेन्सर सुकलेले असतात, पहिल्याच दणक्यात ते आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. गावातल्या मेकॅनिककडे सिरीज बोर्ड असतो, त्यात ६० वॅटचा पिवळा बल्ब लावून रेडिओ त्यातून चालू करायला सांगा. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. त्याआधी उंदराचं घर साफ करा आणि वायरींवरचं रबर चुरतंय का ते बघा. कंडेन्सर बदलले की व्हॉल्व्ह बहुतेक वेळा तेच चालतात.

प्रश्न : स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह नुसते गरम करून ठेवले तर चालेल का?
– एक विद्यार्थी, अंजनगाव सुर्जी

उत्तर : नाही. ट्रान्झिस्टरवाल्याला रिकामा ठेवला तर बहुधा काही होत नाही, व्हॉल्व्हवाल्याचा आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. उमेदवारीच्या काळात मी मंडपात ॲम्प्लिफायर सांभाळत असे. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या, व्हॉल्यूम पूर्ण, आणि एका बिथरलेल्या बैलाने भोंग्याच्या वायरीत पाय अडकवून ती तोडली. मला वाटलं माईक गेला, म्हणून मी आवाज आणखी वाढवला. ट्रान्सफॉर्मरमधून तड् तड् ठिणग्यांचा आवाज आला, मग जळक्या वार्निशचा तो वास. भोंगे नसले की ताकदीला बाहेर वाट राहत नाही, वाइंडिंगमध्ये व्होल्टेज चढत जातं आणि इन्सुलेशन फोडतं. तो परत गुंडाळून आणायला नागपूरला दोन खेपा झाल्या, आणि मंडळाने त्या वर्षीचं भाडं दिलं नाही ते आजतागायत दिलेलं नाही.