दारं बदलली हा गुन्हा नाही, पण रंगवायची घाई नको

प्रश्न (डिचोलीहून एक वाचक): आमची टाटा सफारी 2006 ची, माझ्या नावावर, आरसीवर रंग पांढरा. चारही दारांचा खालचा पत्रा गंजून गेला म्हणून कोल्हापूरच्या बाजूच्या एका भंगारवाल्याकडून 2011 च्या सफारीची चार दारं 22 हजारांना घेतली. बिल नाही, पैसे फोनवरून पाठवले. ‘सगळं सेम आहे, बोल्ट टू बोल्ट बसतं’ असं तो म्हणाला होता. दारं बिजागऱ्यांवर बसली, पण वायरिंगचे कपलर जुळले नाहीत आणि मागचं डावं दार नीट लॉक होत नाही. दारं चंदेरी, काचांवर काळी फिल्म. परवा साखळीच्या रस्त्यावर पोलिसांनी फिल्मसाठी तालांव (दंडाची पावती) दिला आणि एका काचेच्या कोपऱ्यात महाराष्ट्रातल्या दुसऱ्याच गाडीचा नंबर कोरलेला त्यांच्या नजरेस पडला. दारांचे कागद घेऊन ठाण्यावर या, म्हणाले. शेजारी सांगतात, दारामागे पाच हजार दंड आणि गाडी जप्त. पेंटर म्हणतो, नंबर घासून टाकू, सगळं पांढरं करू, विषय संपला. त्यात रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण तोंडावर आलंय. काय करू?

उत्तर: पेंटरला आजच फोन करून सांगा की गाडीला हात लावू नकोस. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

शेजाऱ्यांनी सांगितलेला पाचाचा आकडा हवेतला नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 182-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, असं त्याच्या चौथ्या पोटकलमात आहे. पण परवानगी कशाला नाही, ते कलम 52 मध्ये पाहावं लागतं. आरसीवरचा तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही, असं ते कलम म्हणतं. गाडीच्या रचनेत फेरफार होऊन तिचं मूळ स्वरूपच बदलतं, त्याला कायदा ‘बदल’ म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा जयचंद्र निकाल हल्ली मोबाइलवर फिरत असतो, तोही याच कलमावरचा आहे. चॅसिस तोडणं, बॉडीचा प्रकार बदलणं, सीट वाढवणं यात येतं. सफारीचं गंजलेलं दार काढून सफारीचंच दार बसवणं ही माझ्या मते दुरुस्ती आहे. वर्ष वेगळं असल्यानं त्यात फरक पडत नाही, कारण दाराचं वर्ष आरसीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

रंग मात्र लिहिलेला असतो. पांढऱ्या गाडीला चार चंदेरी दारं म्हणजे आरसीशी विसंगती, आणि तिथे तुमची बाजू लंगडी आहे. दारं पांढरी करावीच लागतील. (उलट अख्खी गाडी चंदेरी करायचा मोह झाला, तर आधी वाहतूक खात्याची परवानगी आणि आरसीवर नोंद.) तरीही आत्ता रंगवू नका म्हणतो, याचं कारण तो काचेवरचा नंबर.

कोरलेला नंबर ही त्या दारांची एकुलती एक ओळख आहे. पोलिसांनी तो पाहिलाय. उद्या तुम्ही गुळगुळीत काच घेऊन ठाण्यावर गेलात, तर आज नुसती शंका आहे ती संशय होईल, आणि पुरावा का नष्ट केला याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, पेंटरला नाही. चोरीचा माल बाळगण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. माल चोरीचा आहे हे माहीत असणं, किंवा तसं मानायला कारण असणं, आणि त्यासोबत अप्रामाणिक हेतू, हे सिद्ध व्हावं लागतं. घेताना तुम्हाला माहीत नव्हतं, हे मी धरून चालतो. पण कलमात ‘घेणं’ आहे तसं ‘ठेवून घेणं’ही आहे. नंबर दिसल्यानंतर तुम्ही गप्प बसलात, तर ते गप्प बसणं तुमच्याविरुद्ध वापरता येतं. म्हणून बोलवण्याची वाट न पाहता आपणहून जा.

जाण्याआधी दोन तासांचं काम आहे. चारही दारांचे आतून-बाहेरून फोटो काढा, बिजागऱ्या, कपलर आणि काचेचा तो कोपरा जवळून. एम-परिवहन ॲपवर तो नंबर टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं येईल, पण गाडी कोणती, कुठल्या वर्षाची आणि नोंदणी चालू आहे की रद्द, एवढं कळतं. सफारीच निघाली आणि नोंदणी रद्द दिसली, तर अर्धी काळजी मिटली. गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय सेवेवर तपासता येतं. मोडीत निघालेल्या गाडीच्या मालकानं चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे. पाळतात किती जण, ते सोडा. पण भंगारवाल्याकडे त्या गाडीच्या रद्द नोंदणीची प्रत असायला हवी आणि ती तुम्ही मागू शकता.

त्याला व्हॉट्सॲपवरच लिहा, फोनवर बोलू नका. अमुक तारखेला अमुक रक्कम पाठवली, चार दारं घेतली, काचेवर हा नंबर आहे, बिल आणि मूळ गाडीचे कागद पाठवा. उत्तर आलं तर कागद मिळेल, नाही आलं तरी तुम्ही विचारलं होतं याचा पुरावा राहील. मग हे सगळं आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडून ठाण्यावर साधा मराठी अर्ज द्या: दारं कुठून घेतली, नंबर कधी लक्षात आला, तपासात सहकार्य करीन. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. ‘मित्रानं दिली’ वगैरे गोष्टी रचू नका, आणि तुमच्या नावाची नोटीस हातात पडली तर जबाब देण्याआधी वकील गाठा.

गाडी जप्त होईल का? चोरीच्या संशयावरून जप्ती करायचा अधिकार पोलिसांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 नं आहे. पण संशय दारांवर आहे, गाडीवर नाही. दारं काढून देतो, गाडी राहू द्या, असं अर्जातच लिहा. तरी गाडी उचलली, तर डिचोलीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे त्याच संहितेच्या कलम 503 खाली सुपुर्दनाम्याचा (गाडी आपल्या ताब्यात परत मिळावी असा) अर्ज करता येतो. वाहनं ठाण्याच्या आवारात कुजवत ठेवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात बजावलंय. आपल्या पावसात दोन महिने उघड्यावर राहिलेली गाडी काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

आता भंगारवाल्याकडून पैसे. वस्तुविक्री कायदा 1930 चा आहे, पण इथे चपखल बसतो. विकणाऱ्याला विकायचा हक्क असला पाहिजे (कलम 14), आणि वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे (कलम 15). सफारी 1998 पासूनची, 2005 मध्ये तिची डायकॉर ही आवृत्ती आली, 2012 मध्ये स्टॉर्म; एकाच नावाखाली आतल्या वस्तू बदलत गेल्या. म्हणून ‘सफारीचं दार’ एवढंच म्हणून भागत नाही. ‘बोल्ट टू बोल्ट’ हा शब्द त्यानं चॅटवर लिहिला असेल तर ती ओळ जपून ठेवा. मात्र कलम 42 प्रमाणे माल आपलाच समजून वापरायला सुरुवात केली की तो स्वीकारला असं धरतात, मग माल परत करायचा रस्ता बंद होऊन नुसती भरपाई उरते. दारं बसवून तुम्ही अर्ध्या वाटेवर आलाच आहात. कपलर कापून नवी वायर जोडली आणि वर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला, की त्याचा वकील हेच बोलणार. गॅरेजवाल्याकडून, काय बसलं नाही ते दोन ओळींत लिहून सही घ्या.

त्यानं ऐकलं नाही तर ग्राहक आयोग. तक्रार कोल्हापूरला जाऊन करायची गरज नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे उत्तर गोव्यात, दाखल होते. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. गाडी घरच्या वापराची असली पाहिजे. खासगी नंबरची गाडी पर्यटकांना भाड्यानं द्यायची खोड असेल, तर ‘ग्राहक’ म्हणवणंही अवघड होईल आणि दुसरीच प्रकरणं अंगावर येतील.

फिल्मचा तालांव भरून टाका, त्यात भांडण्यासारखं काही नाही. बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के. फिल्म काढताना त्या कोपऱ्यात ब्लेड चालवू देऊ नका, एवढंच.

मागच्या डाव्या दाराकडे मात्र मी दुर्लक्ष करू शकत नाही. दार लागत नाही हे माहीत असून गाडी रस्त्यावर काढणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 मध्ये येतं, आणि काही अपघात झाला तर विमा कंपनीही तेच बोट दाखवील. लॉक जुळेपर्यंत गाडी घरीच ठेवा. विमा कंपनीला दारं बदलल्याचं एका ईमेलनं कळवा. दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या भागांवर पन्नास टक्के घसारा लागतो, म्हणजे नव्या दारांसाठी विम्याकडे गेला असतात तरी फार हाती लागलं नसतं.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना 25 मध्ये, मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत करता येतो. निरीक्षक चॅसिस नंबर पाहील, रंग पाहील. पोलिसांकडून दारं मोकळी असल्याचं कळलं, की मग रंगवा आणि मगच गाडी तपासणीला न्या. उशीर होतोय असं दिसलं, तर जुनी गंजलेली पांढरी दारं पुन्हा चढवून तपासणी उरका.

म्हणून ती जुनी दारं टाकली नसाल अशी आशा करतो. खाणीच्या धुळीनं तळाची पाणी जायची भोकं बुजून पत्रा कुजलेला असला, तरी काचा, हँडल आणि वायरिंग तुमच्या 2006 च्या गाडीचंच आहे, नव्या दारांत तेच घालता येईल का हे मेकॅनिकला विचारा. पुढे कधी ती विकलीत, तर कागदावर तुमच्या गाडीचा नंबर, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेऊनच विका.