क्रेटवरचं लेबल का सुटतं?

प्रश्न : केळीच्या प्लास्टिक क्रेटवर आम्ही बागेच्या नावाची लेबलं लावतो. तीच लेबलं स्टीलच्या डब्यावरून खरवडावी लागतात, क्रेटवरून मात्र आपोआप सोलतात. गोंद हलका आहे का? – एक वाचक, रावेर

उत्तर : दादा, गोंदाला एवढ्यात बोल लावू नका. क्रेट बहुधा पॉलिइथिलीनचे असतात. त्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे गोंदाला ओढून धरण्याची पृष्ठभागाची ताकद, जेमतेम ३१ मिलिन्यूटन प्रति मीटर, त्यामुळे साधा ॲक्रिलिक गोंद त्यावर नीट पसरतच नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहा, गोळा होऊन बसेल.

रबराचा, राळ मिसळलेला गोंद अशा प्लास्टिकला चांगला धरतो. पण आपल्या खान्देशातल्या मे महिन्याच्या उन्हात तो मऊ पडतो, उन्हाने लवकर जुनाही होतो. क्रेट बांधावर उघडे राहत असतील तर लेबलवाल्याकडे ‘लो सरफेस एनर्जी’साठीचा, म्हणजे अशा कमी पृष्ठऊर्जेच्या प्लास्टिकसाठीचा, सुधारित ॲक्रिलिक गोंद मागा. महाग पडेल, तरी मी तोच घ्या म्हणेन.

केळीचा चीक आणि धूळ आधी धुऊन काढा. क्रेट वाळला की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खरबरीत जागा टाळा. लेबल रोलरने जोर देऊन दाबा. नुसता हात फिरवून भागत नाही. पूर्ण पकड यायला एक ते तीन दिवस लागतात, तोवर क्रेट धुऊ नका.