पुरसीसवर सही घेण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वाटपाच्या दाव्यात भाऊ बहिणीला अकरा लाख द्यायला तयार आहे, बहीण, म्हणजे तुझी पक्षकार, हो म्हणतेय, शनिवारी लोकअदालतीत तडजोड पुरसीस (मिटवल्याचं लेखी निवेदन) द्यायची आहे, आणि झोप उडालीय ती तुझी. कारण बाजारभावाने तिचा हिस्सा याच्या तिप्पट निघतो. ‘मॅडम, हा न्याय की सौदा?’ असं विचारलंयस. दोन्ही असू शकतं. नुसत्या रकमेवरून ते ठरत नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

माझी वकिलीची सनद नवी होती तेव्हा एका विधवा बाईंचा दावा मी मिटवला होता. रक्कम चांगली होती, आजही चांगलीच म्हणेन. दर तारखेला त्यांचा भाऊ सोबत यायचा. बोलायचा तोच, या बाकावर बसून राहायच्या. पुरसीस झाली, त्यावर कोर्टाचा हुकूमनामा झाला, भावाने पेढेही आणले. महिन्याभराने बाई एकट्या आल्या, पिशवीतून हुकूमनाम्याची नक्कल काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, ‘ताई, मी काय लिहून दिलं?’ राहत्या घरावरचा हक्कही त्यात सोडलेला होता. त्यांना वाटलं होतं, फक्त शेतावरचा. मी सगळं नीट समजावून सांगितलं होतं, पण त्यांच्या भावाला.

याच्या उलटही पाहिलंय. एका बहिणीने हिश्शाच्या निम्म्याहून कमी पैसे घेतले. मी चिडले होते, तिला वेड्यात काढलं. पण तिने पुरसीसमध्ये दोन गोष्टी लिहून घेतल्या: आई हयात असेपर्यंत माजघराची खोली आईची, आणि दरवर्षी दोन क्विंटल तांदूळ आईच्या नावाने. कोर्टाने तिला हिस्सा मोजून दिला असता. आईची खोली कुठल्या कलमाखाली दिली असती? तिला काय हवंय ते तिला माहीत होतं आणि दावा लढवायची तयारीही होती. ती तडजोड मी न्याय्य मानते.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण बार रूममध्ये रोज ऐकशील. ती कोण कुणाला ऐकवतं तेवढं बघ. ज्याची वहिवाट आहे, ज्याच्या नावावर सातबारा आहे, तोच बहुतेक ऐकवतो. त्याला उशीर परवडतो. ‘ताई, बारा वर्षं लागतील’ ही धमकी असते, आणि पंचाईत अशी की ती खरी असते. वाटपाच्या दाव्यात आधी कुणाचा किती हिस्सा ते ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा, मग शेतजमीन असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रकरण कलेक्टरकडे, मग मोजणी, मग त्यावर हरकती. मधे कुणी मयत झालं की वारस लावा. म्हणजे तुझ्या पक्षकाराच्या हिश्शातून तिप्पट रकमेचा जो फरक कापला जातोय, तो कायद्याने कापलेला नाही, विलंबाने कापलाय.

भोपाळच्या वायुगळतीचा, युनियन कार्बाइडविरुद्धचा खटला तू अभ्यासाला वाचला असशील, आता पक्षकाराच्या बाजूने वाच. १९८५च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारने एकट्याकडे घेतला. मागणी होती ३३० कोटी डॉलरची. १४ फेब्रुवारी १९८९ला सर्वोच्च न्यायालयात मिटलं ४७ कोटींवर, फौजदारी खटल्यांसकट. कारण दिलं तातडीच्या मदतीचं, आणि ते खोटं नव्हतं. माणसं चार वर्षं वाट बघत होती. पण ज्यांची फुप्फुसं गेली त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयानेच म्हटलं की तडजोडीआधी त्यांचं म्हणणं ऐकायला हवं होतं, तरी कायदा वैध ठरवला. १९९१च्या फेरविचारात फौजदारी खटले पुन्हा उघडले, रक्कम मात्र तीच राहिली. जादा ७,८४४ कोटी रुपये मागणारी सरकारची क्युरेटिव्ह याचिका (फेरविचारानंतरचा शेवटचा उपाय) १४ मार्च २०२३ला फेटाळली गेली. एकदा मिटलेलं उघडणं किती कठीण, ते यावरून बघ.

तुझ्या तालुका कोर्टातही दार तसंच बंद होतं. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. फार तर उच्च न्यायालयात रिट, तीही मोजक्या कारणांवर. साध्या कोर्टातल्या तडजोड हुकूमनाम्यावरही अपील नाही, वेगळा दावाही चालत नाही. लोकअदालतीचं पॅनेल विचारतं, ‘राजीखुशीने करताय ना?’ बाई मान हलवते. तेवढ्या मानेवर सगळं उभं असतं. कोर्ट फी परत मिळते म्हणून घाई करणारेही भेटतील. आपल्याकडे महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात बायकांना १९९४पासून फी माफच आहे, तेव्हा ते कारण तुझ्या पक्षकाराला लागूच नाही.

म्हणून शनिवारचा हट्ट धरू नकोस. पुढची लोकअदालत येतेच. तोवर तूर्तातूर्त मनाई हुकमाचा, म्हणजे दावा चालू असेपर्यंत विक्री थांबवण्याचा, अर्ज चालव. आणि लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदव. महाराष्ट्रात ती नोंदवल्याशिवाय दाव्याचा बोजा खरेदीदारावर बसत नाही, हे ज्युनियर हमखास विसरतात. (मीही विसरले होते, एकदा.) ती नोंदली की भावाकडून जमीन घेऊ पाहणारं गिऱ्हाईक बिचकेल, आणि मग अकरा लाखांचा आकडा तोच राहतो का बघ. नाही हलला, तरी तुझ्या पक्षकाराकडे नकार द्यायला काहीतरी असेल.

मिटवायचंच ठरलं तर पुरसीस तू स्वतः लिही, समोरच्या वकिलाचा तयार मसुदा घेऊ नकोस. मिळकतींचं वर्णन गट नंबरासह, आणि ‘इतर सर्व मिळकतींवरील हक्क सोडला’ ही ओळ दिसली की काट मार. पैसे धनादेशाने नकोत, सहीच्या दिवशी डीडी हातात.

त्याआधी सोमवारी तिला ऑफिसात बोलाव. नवरा सोबत येईल, त्याला चहाला बाहेर पाठव. मसुदा तिच्या बोलीत वाचून दाखव, आणि मग तिलाच सांगायला लाव की यात काय लिहिलंय. नंतर विचार, ‘नाही म्हणालात तर काय होईल असं वाटतं?’ आणि गप्प बस. काय म्हणाली ते मला फोनवर नको, लिहून कळव.

तुझी,
मॅडम