वाचकांचे प्रश्न: कायद्यात पीएचडी घरबसल्या होते का?

प्रश्न: नमस्कार सर. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, वय ३२, एलएलएम ५८ टक्के. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, मुलगी ४ वर्षांची आहे, आई अजून विड्या वळते. पीएचडी करायची आहे पण खर्चाचं टेन्शन आहे. मोबाईलवर ‘ऑनलाइन पीएचडी, घरबसल्या’ अशा जाहिराती येतात, ती करू का? आणि मोठ्या युनिव्हर्सिटीत आमच्यासारख्या घरातलं कोणी असतं का हो?

उत्तर: ताई, ती जाहिरात आधी डिलीट करा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमात स्पष्ट लिहिलंय की दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी देता येत नाही, आणि परदेशी विद्यापीठाच्या नावानं अ‍ॅपवाल्या कंपन्या ज्या डिग्र्या विकत होत्या त्यांच्याबद्दल यूजीसी आणि एआयसीटीईनं (तंत्रशिक्षण परिषदेनं) त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सावध केलं होतं. पैसे भरून हातात आलेल्या त्या कागदावर उद्या असिस्टंट प्रोफेसरची मुलाखतसुद्धा मिळणार नाही.

पार्टटाइम मात्र चालते. कॉलेजकडून एनओसी (ना हरकत पत्र) लागते, आणि किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क सगळ्यांनाच करावा लागतो. मुदत कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, बायकांना वर २ वर्षांची सवलत, शिवाय बाळंतपण किंवा मूल सांभाळायला २४० दिवसांपर्यंत रजा. मुलगी लहान आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय, कारण ऑफिसात आपणहून कोणी सांगत नाही.

आता खर्च. फी हा त्यातला छोटा भाग, खरा पैसा जातो तो बुडालेल्या तासांचा आणि पुण्या-मुंबईच्या चकरांचा. म्हणून माझं सरळ मत आहे, आधी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या आणि त्यातून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन फेलोशिपसाठी झटा. त्याची वयोमर्यादा ३० आहे, पण बायकांना ५ वर्षं सूट मिळते, म्हणजे तुमच्याकडे अजून ३ वर्षं आहेत, वाया घालवू नका. जेआरएफला महिना ३७,००० मिळतात, पहिल्या २ वर्षांचे झाले ८,८८,०००, पुढे एसआरएफचे, म्हणजे वरच्या टप्प्याच्या फेलोशिपचे, महिना ४२,०००. तासिकेवर एवढं कुठं मिळतंय? अट एकच, पीएचडी फुलटाइम करायची. जेआरएफ नाही बसली तरी नेटचे मार्क पीएचडी प्रवेशाला धरतात, ७० टक्के वजन त्याला आणि ३० मुलाखतीला, पण ते मार्क एकच वर्ष चालतात. जातीच्या दाखल्याप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपाही बघून ठेवा.

खरी अडचण गाईडची. प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएटला ६, असिस्टंटला ४ विद्यार्थी, त्यापुढे नाही. त्यामुळे केगावचं आपलं विद्यापीठ असो की पुणे, आधी जागा कोणाकडे रिकामी आहे ते विचारा, मग फॉर्म भरा.

तुमच्यासारख्या घरातलं कोणी असतं का? असतात, पण कमी, आणि मुलाखतीत इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्यांसमोर दबायला होतं हे खरंय. तरी एक बघा, तुम्ही पुण्याला ज्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाल तिच्या नावातले हुतात्मे म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा, चौघं चार वेगवेगळ्या घरांतले. १९३०च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ला त्यांना फाशी झाली. सोलापुरात बसून यावर कायद्याचा थिसिस होऊ शकतो.

पण तुमचा विषय याहून जवळ आहे. १९६६चा विडी कामगार कायदा आता २०२०च्या लेबर कोडात गेलाय, तर घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या हातात त्यातलं काय उरलं, हे दिल्लीच्या स्कॉलरला शोधावं लागेल, तुम्हाला उंबऱ्यातच दिसतं. आज संध्याकाळी आईला विचारा, छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा हिशेब तिला कधी लेखी मिळाला का. ती जे सांगेल ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा, प्रपोजलचं पहिलं पान तिथूनच निघेल.