सात वर्षांची मुलगी शाळेच्या वेळी रोज पोट दुखतं म्हणते, आईला सोडत नाही. काय करावं?

ती नाटक करत नाही, पोट खरंच दुखतं. सुट्टीच्या दिवशी दुखत नसेल, तर मूळ बहुधा ताटातुटीच्या भीतीत आहे.

गुपचूप सटकू नका. मग ती नजर ठेवून बसते. फाटकाशी एक पापा, "डबा, मग चित्रकला, मग मी येते" एवढंच सांगून निघा. घरी ठेवलंत, की त्या दिवशी सुटका वाटते आणि दुसऱ्या दिवशी भीती वाढते. संध्याकाळी सराव करा: आजीजवळ ५ मिनिटं, मग १५, मग तासभर.

४ आठवड्यांहून जास्त टिकलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून बालमानसोपचारतज्ज्ञ गाठा. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मोफत, मराठीतूनही बोलता येतं.