चेंडू उचलू नकोस

प्रिय पोरी,

तुझा निरोप त्याच रात्री वाचला होता. उत्तराला मुद्दाम चार दिवस लावले, कारण त्या रात्री लिहिलं असतं तर रागाच्या भरात लिहिलं असतं. त्या गोल्फ स्पर्धेत बारा होलपर्यंत तू दोन अंडर होतीस, म्हणजे पारपेक्षा, ठरलेल्या शॉटपेक्षा, दोन कमी. तेराव्यावर जे झालं ते मी कडेला उभा राहून पाहिलं. पाठीत कळ आली म्हणून स्पर्धा सोडते, असं तू अधिकाऱ्यांना सांगितलंस. मला मात्र खरं लिहिलंस, की पाठीला काहीही झालं नव्हतं. ते लिहिलंस म्हणून हे पत्र लिहावंसं वाटलं.

एक कोच म्हणतो वाईट शॉट विसरून जा. दुसरा म्हणतो डोळे मिटून चांगला शॉट आठव. बाबा म्हणतात रागावर ताबा ठेव. आणि तू विचारतेस, यातलं काहीच जमत नाही, म्हणजे माझं मनच कच्चं आहे का? श्वासाचा सराव कर. मानसतज्ज्ञाकडे जावंसं वाटलं तर जरूर जा, त्यात कमीपणा कसला? पण तू चेंडू उचललास. मला आधी त्याबद्दल बोलायचं आहे.

मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकायच्या खेळात, होल सोडून देता येतो. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे जिथे सगळे शॉट मोजतात तिथे, चेंडू कपात पडेपर्यंत होल संपत नाही, हा नियम तुला पाठ आहे. माझ्यासाठी तो नियमाहून मोठा आहे. चेंडू कपात घालायचा आणि जो आकडा होईल तो लिहायचा. मनाची ताकद म्हणतात ती मला तरी एवढ्यातच सापडली, आणि बर्डीच्या, म्हणजे पारपेक्षा एक शॉट कमी लागलेल्या, होलवर ती कधी वाढलेली मी पाहिली नाही.

'विसरून जा' हा सल्ला मला कधीच पटला नाही. जे मोजलंच नाही ते विसरणार कसं? तूच लिहिलंयस, 'किती झाले होते तेही आठवत नाही.' अर्धा सोडलेला होल डोक्यात घिरट्या घालत राहतो. नऊ लिहिले की तो कार्डावर जाऊन बसतो, आणि मग दहाव्या मिनिटाला पुढच्या टीवर, पहिला शॉट मारायच्या जागी, तुझे हात मोकळे असतात.

2011 च्या टेक्सास ओपनमध्ये केव्हिन ना नावाचा गोल्फर पहिल्याच फेरीत पार चारच्या नवव्या होलवर झाडीत अडकला. एकदा तर चेंडू त्याच्याच अंगावर आदळला. त्या होलवर त्याचे 16 झाले. नेमके किती झाले हे त्यालाही कळेना, शेवटी चित्रीकरण पाहून आकडा नक्की केला. फेरी संपली ती 80 वर. आता वजाबाकी कर. बाकीचे 17 होल त्याने 64 मध्ये खेळले, म्हणजे चार अंडर! जग त्या 16 बद्दल बोलतं. मी मुलांना 64 दाखवतो.

1999 च्या कार्नूस्टी मैदानावरच्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या होलवर तीन शॉटची आघाडी घेऊन आलेला जाँ व्हान द व्हेल्ड विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्यात उभा राहिला, तेवढंच लोकांना आठवतं. पण त्यानंतर चेंडू बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात, गेला, तिथून त्याने तो बाहेर काढला आणि सातासाठीचा पट, म्हणजे ग्रीनवरून कपात ढकलायचा शॉट, घातला. तो चुकता तर प्लेऑफ, म्हणजे बरोबरीनंतरची लढतही मिळाली नसती. प्लेऑफ तो हरला, खरं आहे. तरी इतकं सगळं झाल्यावर तो पट घालणाऱ्या माणसाचं मन कमजोर होतं असं कुणी म्हटलं, की मी भांडतो.

आणि जुन्या काळचा थोर गोल्फर बॉबी जोन्स. 1921, सेंट अँड्र्यूजवरची ब्रिटिश ओपन, वय 19. तिसऱ्या फेरीत पहिले नऊ होल 46 मध्ये गेले आणि अकराव्यावर त्याने चेंडू उचलला. अगदी तुझ्यासारखा. त्याला त्याची लाज आयुष्यभर वाटत राहिली. चार वर्षांनी यूएस ओपनमध्ये चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं, तरी त्याने स्वतःवर एका जादा शॉटची पेनल्टी लावून घेतली. शेवटी बरोबरी झाली आणि तो प्लेऑफमध्ये हरला. 1927 मध्ये त्याच सेंट अँड्र्यूजवर त्याने ओपन जिंकली. त्या लाजेचं त्याने काय केलं ते बघ.

मी ते केलं नाही. तुझ्याच वयाचा असताना निवड स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सोळाव्या होलवर मी चेंडू खिशात टाकला आणि मनगट मुरगळल्याचं सांगितलं. आठ दिवस पट्टी बांधून फिरलो. आई रोज रात्री मनगटाला तेल लावायची, आणि मी लावून घ्यायचो. पुढे हिशेब केला, तर उरलेले होल पारमध्ये खेळलो असतो तरी कट, म्हणजे पुढच्या फेरीत जायची मर्यादा, चुकलाच असता. म्हणजे स्पर्धा गेली म्हणून मी रडत नाही. गेलं ते वेगळंच. त्या दिवसापासून प्रत्येक वाईट होलवर मला दोन रस्ते दिसू लागले. पळवाट एकदा पायाखालची झाली की पाय आपोआप तिकडे वळतो. शॉटचा विचार करायच्या जागी मी 'थांबू की जाऊ' याचा विचार करायचो. असं कोण चांगलं खेळणार? पंचविशीतच माझी स्पर्धा संपली. त्याचं कारण लोक स्विंगमध्ये शोधत राहिले.

म्हणून मी या बाबतीत कडक आहे. तू ऐकलं असशीलच, एका मुलाला मी भर वाऱ्यात एक होल पूर्ण करायला लावला होता. त्याचे 14 झाले. तो रडत होता. त्याच्या घरच्यांनी महिन्याभरात त्याला माझ्याकडून काढून घेतलं. माझा आवाज चढला होता, ते चुकलंच. त्याच्या शेजारी उभं राहायचं सोडून मी लांबून ओरडत होतो. पण होल पूर्ण करायला लावला, ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. खरी दुखापत असेल, आकाशात वीज कडाडत असेल, तर त्या क्षणी मैदान सोड. तुझं तसं काही नव्हतं.

आता सराव. आठवड्यातून एकदा नऊ होल दोन चेंडूंनी खेळ. प्रत्येक वेळी दोन्ही मार आणि जो वाईट पडेल तिथून पुढचे दोन्ही मार. ग्रीनवर दोन्ही पट गेले तरच होल संपला. फुटभराचा पटसुद्धा सोडायचा नाही. चिडशील, पहिल्या दिवशी साठच्या पुढे जाशील. जा. आकडा लिही आणि कार्ड मला आणून दे. कार्ड बाबांना दाखवायची गरज नाही, त्यांच्याशी मी बोलतो.

आणि तेराव्याचा हिशेब तुला आठवत नाही, मला आठवतो. पहिला शॉट आऊट ऑफ बाउंड्स, म्हणजे हद्दीबाहेर, एक पेनल्टी. टीवरून तिसरा, तोही बाहेर, पुन्हा पेनल्टी. पाचवा फेअरवेच्या मधोमध, आणि त्या अवस्थेत तो शॉट फार सुंदर होता, हे तुला कुणी सांगितलं का? सहावा डाव्या बंकरमध्ये. सातवा तिथेच राहिला. मग तू वाकून चेंडू उचललास.

रविवारी सकाळी लवकर ये, मैदान रिकामं असतं. चेंडू कुठे होता ती जागा मी दाखवतो. आठवा शॉट तिथून मारायचा आहे. कार्ड आणि पेन्सिल माझ्याकडे आहे.

तुझा,
सर