लेन्स घ्यायच्या आधी टाकून दिलेले फोटो उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार लग्नांत मुख्य फोटोग्राफरच्या हाताखाली काम झालंय, हॉलमधले बरेच फोटो अस्पष्ट किंवा पिवळट आलेत, आणि आता ८५ एमएम एफ १.४ ही लेन्स घ्यावी की कॅमेऱ्याची बॉडीच बदलावी हे ठरत नाहीये. (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो.)

सध्या दोन्ही नको. त्या चार लग्नांतले टाकून दिलेले शंभर फोटो पुन्हा उघडा, एकेक शंभर टक्के मोठा करून बघा आणि तो का टाकला याचं कारण दोन शब्दांत लिहा: हात हलला, माणूस हलला, फोकस चुकला, उजेड वाईट, डोळे मिटले, क्षण हुकला. कारणांची बेरीज केली की पहिल्यांदा काय सुधारायचं ते समोर येईल, आणि ते सहसा खरेदीच्या यादीत नसतं.

नुसतं ‘अस्पष्ट’ लिहून भागणार नाही. सगळी फ्रेम एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसली तर कॅमेरा हललाय. मागची खुर्ची स्वच्छ आणि हात-चेहरा तेवढा पुसट, तर माणूस हललाय. डोळे मऊ पण कान किंवा मागच्या पाहुण्याचा चष्मा कातीव, तर फोकस भलतीकडे गेलाय. स्टॅबिलायझेशन फक्त पहिल्या दुखण्यावर चालतं. ते तुमचा हात सावरतं, नाचणाऱ्याला थांबवत नाही. शटरचा वेग उभ्या माणसांना १/१२५ सेकंद, चालणाऱ्यांना १/२५०, नाचणाऱ्यांना १/५००, एवढं धरून चला. मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि अॅपर्चर (म्हणजे एफचा आकडा) तुम्ही ठरवा, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटोवर सोडा आणि त्याची वरची मर्यादा ६४०० ठेवा. नॉइजच्या (फोटोतल्या दाणेदारपणाच्या) भीतीने आयएसओ १६०० ला अडवायचा आणि काळवंडलेला फोटो नंतर संगणकावर उजळायचा, यात फायदा काहीच नाही. नॉइज तेवढाच वर येतो आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत सावल्यांमधले रंगही बिघडतात.

आता फोकस. फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) ८५ एमएम, एफ १.८, माणूस दोन मीटरवर, एवढ्यात धारदार पट्टा जेमतेम सहा सेंटीमीटरचा मिळतो. एफ १.४ ला तो पाचच्याही आत येतो. म्हणजे फोकस चुकत असेल तर तुम्हाला हवी असलेली लेन्स दुखणं वाढवणारच. एकटा चेहरा असेल तर एफ २, दोघं शेजारी असतील तर एफ २.८ ते ४, दोन रांगांना एफ ५.६, तीन रांगांना एफ ८. हलत्या माणसांसाठी सतत चालणारा ऑटोफोकस आणि डोळा ओळखण्याची सोय चालू ठेवा. गर्दीत मात्र कॅमेरा जवळचा, भलताच डोळा पकडतो. तिथे एकच फोकस बिंदू निवडून तो चेहऱ्यावर ठेवावा.

पिवळेपणा हा दोन रंगांच्या उजेडांच्या भांडणाचा परिणाम आहे. हॉलचे जुन्या पद्धतीचे दिवे साधारण ३२०० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), फ्लॅश ५५०० च्या आसपास. फ्लॅशप्रमाणे व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते ठरवणारी सेटिंग) ठेवला तर पार्श्वभूमी नारिंगी, दिव्यांप्रमाणे ठेवला तर चेहरे निळे. संगणकावर एकच सरकपट्टी ओढून दोन्ही सुधारत नाहीत, म्हणून तोडगा तिथेच काढायचा: फ्लॅशवर पूर्ण ताकदीचं नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा आणि कॅमेऱ्यात ३२०० केल्विन हाताने सेट करा. दिवे तितके पिवळे नसतील तर अर्ध्या ताकदीचं जेल पुरतं.

फ्लॅश समोरून सरळ मारू नका. छतावर किंवा, त्याहून बरं, बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून आणा. छत तीन-चार मीटरपर्यंत असेल तर जमतं. त्याहून उंच असेल तर ताकद पुरत नाही, फ्लॅश चार्ज व्हायला वेळ घेतो आणि नेमका क्षण हुकतो. भिंत रंगीत असेल तर तोच रंग गालावर उतरतो. सुरुवातीला १/१००, एफ ३.५, आयएसओ १६०० ठेवून बघा. फ्लॅश लावताना आयएसओचा ऑटो बंद करा, नाहीतर कॅमेरा स्वतःच्या मर्जीने आकडे फिरवत बसतो. खोली काळी पडली तर शटर १/६० वर आणा. पण खोलीत उजेड भरपूर असेल तर इतक्या सावकाश शटरला फ्लॅशने पकडलेल्या चेहऱ्याभोवती भुतासारखी कड दिसते.

फ्लॅश नसेल तेव्हा माणूस हलवा. डोक्यावरच्या दिव्याखाली उभ्या माणसाच्या डोळ्यांत काळे खड्डे पडतात. त्याला दोन पावलं मागे घेऊन खिडकीकडे किंवा दाराकडे वळवलं की खड्डे जातात. घरच्या कुणाला तरी खिडकीपाशी बसवून, स्वतः त्याच्याभोवती अर्धं वर्तुळ फिरत वीस फोटो काढा. एका दुपारचं काम आहे आणि कुठल्याही कोर्सइतकं शिकवतं.

फोटोत आडवे पट्टे दिसले तर शंका एलईडीवर घ्या. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, ६० हर्ट्झवर १२० वेळा. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा आणि वेग अनुक्रमे १/१०० किंवा १/१२५ च्या आसपास ठेवा. मंद केलेल्या काही एलईडींचं लुकलुकणं याहून कितीतरी वेगवान असतं; तिथे शटर थोडं थोडं बदलत चाचणी फोटो घेणं, एवढंच हातात उरतं.

ग्रुप फोटोत डोळे मिटणं हे नशीब नाही, गणित आहे. निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना २००६ चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) याच हिशोबासाठी मिळालं. वीसच्या आतला ग्रुप असेल तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. तेवढे फोटो काढा. बारा जण, उजेड बरा, तर चार. ग्रुपची यादी आधीच घरच्यांकडून घ्या आणि नातेवाइकांना चेहऱ्याने ओळखणारं एक माणूस हाक मारायला सोबत ठेवा. सगळ्यात मोठा ग्रुप आधी घ्या, मग माणसं कमी करत जा. उलटं केलं तर निम्मे जण जेवायला पांगलेले असतात. २४ एमएमने घेताना कडेला कुणाला उभं करू नका, कडेचा माणूस रुंद दिसतो.

हाताखाली काम करताना मुख्य फोटोग्राफरच्या खांद्यामागून तो काढतोय तोच फोटो पुन्हा काढू नका. समोरची बाजू धरा, लांबची लेन्स लावा, आईवडिलांचे चेहरे बघा. महत्त्वाच्या क्षणी अर्धी गोष्ट तिकडेच घडत असते.

कार्ड दोन, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) दोन्हींवर, आणि दोन वेगळ्या डिस्कवर प्रती होईपर्यंत एकही कार्ड फॉरमॅट करायचं नाही. सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळीच जुळवा.

लेन्सचं म्हणाल तर पुढच्या दोन लग्नांनंतर टाकलेल्या फोटोंच्या कारणांची यादी पुन्हा बनवा. हात आणि फोकस सुधारल्यावरही एफ २.८ ला आयएसओ सतत ६४०० ला टेकत असेल, तर ८५ एमएम एफ १.८ घ्या, तोच फोटो आयएसओ २५०० ला येईल. १.८ वरून १.४ ला गेल्यावर मिळतो तो जेमतेम दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), आणि त्यासाठी गळ्यातलं वजन वाढतं ते वेगळंच.